कापलेल्या मडगार्डची कड

एकदा एका अवघड घाटाच्या पायथ्याशी एक वृद्ध मिस्त्री राहत असे. त्याच्या कारखान्याला ना नाव होते ना पाटी. आंब्याच्या दोन झाडांना बांधलेले पत्र्याचे छप्पर, खाली तेलाने काळी झालेली जमीन आणि एका बाजूला कायम उकळत असलेला चहा, एवढाच त्याचा पसारा. पण डोंगरावर गाडी न्यायची असेल तर आधी या छपराखालून न्यावी, असे त्या मुलखात सर्वजण मानीत. लोक त्याला नाना म्हणत.

त्या घाटाच्या माथ्यावर एक वाडी होती. तिथवर जाणारा रस्ता सरकारने पुष्कळदा बांधला आणि पावसाने तितक्याच वेळा वाहून नेला. शेवटी दोघेही दमले आणि मागे उरली ती धोंड्यांची वाट. त्या वाटेवर गाडीबरोबर कंपनीतून आलेली साधी चाके पहिल्याच चढाला हात टेकत. तिथे हवीत उंच, रुंद, जाड दातांची टायरे. आता गंमत अशी की, गाडी घडवणाऱ्याने चाकाच्या डोक्यावर जे पत्र्याचे छत्र धरलेले असते, ते त्याने स्वतः दिलेल्या चाकाच्या मापाचे असते. मोठे टायर त्यात बसते खरे, पण बसते ते गाडी सपाटीवर गुमान उभी असेपर्यंतच. चाक वळवले, खड्ड्यात आदळले, स्प्रिंगचे पाटे दबले, की टायर वर उचलले जाते आणि मडगार्डला घासू लागते. म्हणून मडगार्ड कापावे लागते.

कापणे हे फार मोठे काम नव्हे. हातात ग्राइंडर आला आणि ठिणग्या उडू लागल्या की कोणालाही आपण शूर असल्यासारखे वाटते. खरे काम त्यानंतर सुरू होते. कापलेल्या पत्र्याची कड विळ्यासारखी असते. ती आतल्या बाजूला दुमडून, ठोकून, कानशीने घासून बोथट करावी लागते. ती तशीच राहिली आणि भरल्या गाडीत, उतारावर, वळणात टायरची मऊ बाजू तिला लागली, तर टायर फाटायला निमिषही लागत नाही. सपाट रस्त्यावर टायर फाटले तर माणूस शिव्या देतो. घाटात फाटले तर शिव्या द्यायलाही कोणी उरत नाही.

म्हणूनच त्या भागात एक रीत पडली होती. ज्या हाताने पत्रा कापला, त्या माणसाने पहिल्या फेरीला त्याच चाकाजवळच्या जागेवर बसून वर जायचे आणि खाली यायचे. ही रीत कोणी घातली ते कोणाला ठाऊक नव्हते, पण ती मोडल्याचेही कोणी ऐकले नव्हते. ड्रायव्हर मंडळी स्पष्ट म्हणत, आधी मिस्त्री बसवा, मग आम्ही बसतो.

या नानांकडे एक शिष्य होता. शिष्य म्हणजे काही कोवळे पोर नव्हे. चांगला मिशा असलेला, लग्न झालेला गडी. तो काळ्या मातीच्या सपाट मुलखातून आला होता. तिकडे साखर कारखान्याच्या धुराड्यापेक्षा उंच असे काही नसते. ट्रॅक्टरच्या कामात त्याचा हात बसलेला होता, पण नानांची विद्या शिकावी, पुढे गावी जाऊन स्वतःचे छप्पर घालावे, या इच्छेने तो इथे राहिला होता. हात गुणी होता, डोळा सरळ होता. दोष म्हणावा तर एकच. त्याला घाटाची भीती वाटत असे.

नानांनी त्याला पहिल्यांदा वर नेले, तेव्हा एका वळणावर त्याने खाली पाहिले आणि शेजारी बसलेल्या ड्रायव्हरच्या दंडाला दोन्ही हातांनी मिठी मारली. झाले! ड्रायव्हर लोकांना तेवढेच हवे असते. त्या दिवसापासून त्याचे नाव पडले भागूबाई. चहाला बोलवायचे तरी "या भागूबाई," आणि पाना मागायचा तरी "द्या भागूबाई." नाना हसत नसत, पण नानांनी कोणाला अडवलेही नाही.

शिष्याच्या ते फार जिव्हारी लागले. त्याने मनाशी ठरवून टाकले, की यापुढे भीतीचे ऐकायचे नाही. पोटात खड्डा पडला की आवंढा गिळायचा, दात आवळायचे आणि हातातले काम पुढे रेटायचे. हळूहळू त्याला ते जमू लागले. कशाची भीती वाटते आहे हे पाहण्याआधीच तो ती गिळून टाकी. लोक अशाला धैर्य म्हणतात, म्हणोत बापडे.

एके दिवशी एक व्यापारी आपली जीप घेऊन आला. हिरडा आणि मध यांचा त्याचा व्यापार होता. वाडीवरच्या बाया रानातून हिरडा वेचून आणीत. शेठ गाडी घेऊन वर जाई, पोती भरी आणि उतरताना पोत्यांवर त्याच बायांना बसवून बाजाराला आणी. त्याने शहरातून नवी कोरी मोठी टायरे आणली होती. त्यांच्याजवळ तो असा उभा राहिला होता, की जणू मुलीसाठी स्थळ दाखवतो आहे.

"नाना, गाडी उद्या सकाळी वर गेली पाहिजे," शेठ म्हणाला. "बाया माल बांधून बसल्यात. परवाचा बाजार चुकला तर माझ्या नावानं खडे फोडतील."

नानांचे हात अलीकडे थरथरत. चहाचा पेला ते दोन्ही हातांनी धरीत. त्यांनी शिष्याकडे पाहिले आणि म्हणाले, "दोन्ही म्होरली मडगार्डं तू काप."

एवढे मोठे काम त्याने एकट्याने कधी केले नव्हते. त्याच्या छातीत आनंदाने धडधडले आणि लगेच दुसरीही धडधड सुरू झाली. कापणार मी, म्हणजे उद्या बसणारही मीच. आणि उतरताना दरी डाव्या हाताला असते. त्याने आवंढा गिळला आणि कामाला लागला.

काम त्याने रीतीप्रमाणे केले. एक चाक मोठ्या धोंड्यावर चढवले, मागे वाळूची पोती टाकली, स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवले, टायरला ओला चुना फासला आणि गाडी हलवून पाहिली. जिथे पत्र्यावर पांढरे उमटले त्याच्या बाहेर दोन बोटे सोडून रेघ मारली. रेघेवर पत्रा कापला. उजव्या बाजूची कड त्याने अशी सुरेख दुमडली की नानांनी दुरूनच मान हलवली.

डावी बाजू मात्र नडली. तिथे मडगार्डच्या आत, बॉडीला जिथे ते जोडलेले असते तिथे, आधाराची एक लोखंडी पट्टी होती. पट्टीच्या मागे हातोडी फिरत नव्हती. त्याने पक्कड घालून कड वळवत नेली, वळवत नेली आणि पट्टीपाशी आला, तेवढ्यात शेठ पुन्हा हजर. "अरे, अजून रंग नाही? अजून रबर नाही? सूर्य काय तुझ्यासाठी थांबणार आहे का?" शेठ तिथेच खुर्ची टाकून बसला आणि दर घटकेला घसा खाकरू लागला. शिष्याची धांदल उडाली. त्याने काळा रंग मारला, कडेवर रबराची किनार चढवली, चाक खाली उतरवले. गाडी देखणी दिसू लागली. शेठने टायरला थाप मारली आणि तो खूश होऊन घरी गेला.

हात धुताना शिष्याच्या मनात आले, पट्टीच्या मागची कड आपण दुमडली का?

पक्कड आत घातल्याचे त्याला आठवत होते. कड वाकल्याचे आठवत नव्हते. दुमडली असावी. बहुतेक दुमडलीच. त्याच्या पोटात एकदम गार पडले. रबर काढून पाहावे असे वाटले, पण त्याच क्षणी त्याच्या मनात ड्रायव्हरांचे हसणे घुमले. उद्या घाटात बसायचे आहे म्हणून आजच तुझे पाय कापू लागले, असे त्याने स्वतःलाच सुनावले. पट्टीचे निमित्त आहे, तू घाबरलास दरीला. आली ही भागूबाई पुन्हा! त्याने आवंढा गिळला, दात आवळले, हात पुसले आणि हत्यारे जागच्या जागी ठेवली.

सकाळी शेठ ड्रायव्हरच्या जागी येऊन बसला. नानांनी शिष्याला बोलावले.

"हात फिरव," ते म्हणाले.

हीही त्यांची एक पद्धत होती. काम झाल्यावर ज्याने केले त्याने डोळे मिटून, उघड्या तळव्याने, कापलेल्या कडेवरून एका दमात हात फिरवायचा. शिष्याने उजव्या बाजूला हात फिरवला. मग तो डाव्या बाजूला आला. नाना आपले लाकडी खोके घेऊन त्याच्यासमोर बसले होते आणि गाडीकडे पाहतही नव्हते. ते त्याच्या तोंडाकडे पाहत होते.

त्याने डोळे मिटले. तळवा रबरावरून सरकू लागला. वर गेला, वळला, खाली उतरू लागला. आता पट्टी येणार. आता आली. त्याला वाटले, रबर फाडून काहीतरी तळव्यात घुसणार. श्वास अडकला. पण हात थांबला नाही. थांबू दिलाच नाही त्याने. तळवा पार शेवटपर्यंत गेला. रबर मऊ होते. काही लागले नाही.

"पुन्यांदा," नाना म्हणाले.

त्याने पुन्हा फिरवला. पट्टीपाशी आल्यावर त्याच्या मानेवरची शीर ताठ झाली, पण हात सरळ गेला.

"आनि एकदा."

शेठ वैतागला. "नाना, टायर बघायचंय की त्याच्या हातावरची रेषा?"

 शिष्याचा हात तिसऱ्यांदा शेवटाला पोचला, तेव्हा ते गुडघ्यांवर हात रोवून उठले.

"झालं," ते म्हणाले. "जाऊ द्या गाडी."

शिष्याने सुटकेचा श्वास सोडला आणि डाव्या बाजूने जीपमध्ये चढण्यासाठी पाय उचलला. तोच नानांनी त्याचा दंड धरला.

"तू न्हाई. तू राहा हितं. मी बसतो."

शिष्याला वाटले आपण चुकीचे ऐकले. "नाना, रीत हाय की. कापलं मी."

"रीत मला सांगतोस व्हय? कुना म्हाताऱ्यानं केली आसंल रीत, म्हातारं मोडंल. तुला घाटाचं भ्या वाटतं. कशाला उगं जिवाला घोर? जा, चहा ठेव."

आणि तो थरथरत्या हातांचा म्हातारा दांडा धरून वर चढला आणि डाव्या चाकाजवळच्या जागेवर मांडी ठोकून बसला. शेठलाही नवल वाटले, पण त्याला उशीर होत होता. त्याने गाडी सुरू केली.

शिष्य आंब्याखाली उभा राहिला. आधी त्याला इतके हलके वाटले की लाज वाटावी. घाट टळला. दरी टळली. आज कोणाच्या दंडाला मिठी मारायची नाही, कोणाचे हसणे ऐकायचे नाही. त्याने चहाच्या भांड्याकडे हात नेला.

पण पोटातला खड्डा तसाच होता.

तो थबकला. असे कसे? आता तर आपण जाणार नाही. आपल्या पायाखाली सपाट जमीन आहे, डोक्यावर आंबा आहे. मग ही भीती कोणाची राहिली आहे? त्याने सवयीने आवंढा गिळून पाहिला. ती खाली जाईना. उलट घाटाची भीती निघून गेल्यावर जागा मोकळी झाल्यासारखी ती वर आली आणि त्याला स्पष्ट दिसली. त्या भीतीत दरी नव्हतीच. तिच्यात होती आधाराची एक पट्टी आणि पट्टीमागची चार बोटे जागा.

त्याला पुढचे सगळे दिसू लागले. चढताना काही व्हायचे नाही. गाडी रिकामी असते. पण उतरताना पोती असतील, पोत्यांवर बाया असतील, पाटे पार दबलेले असतील. डावे वळण येईल. शेठ स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवील. चाक धोंड्यावर चढेल आणि त्याची मऊ बाजू बरोबर त्या चार बोटांवर जाऊन टेकेल. आणि त्या चाकाजवळ नाना बसले असतील, ज्यांना चहाचा पेलाही एका हाताने धरवत नाही.

"नाना!" तो ओरडला. जीप रस्त्याला लागली होती. इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? तो धावला. चपला कुठे राहिल्या त्याला कळले नाही. मडगार्ड न कापलेल्या, दुरुस्तीला आलेल्या गाड्यांमधून वाट काढत, ठेचा खात तो रस्त्यावर आला आणि आडव्या शेतातून धाव घेऊन जीपच्या पुढे जाऊन हात पसरून उभा राहिला.

शेठने करकचून ब्रेक दाबला. "मरायचंय का तुला?"

"गाडी पुढं नेऊ नका शेठ," शिष्य धापा टाकत म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायचे त्याला भान नव्हते. "डाव्या बाजूची कड... पट्टीच्या मागं... दुमडली का न्हाई, मला म्हाईत न्हाई. दुमडली असंल. पर मला म्हाईत न्हाई."

"काल सांगता येत नव्हतं?" शेठ कडाडला. "आत्ता तीन-तीनदा हात फिरवलास, तेव्हा वाचा गेली होती?"

"वाटलं होतं काल. पर मला वाटलं, ते घाटाचं भ्या हाय."

नाना खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला एका धोंड्यावर जाऊन बसले. त्यांनी नुसती चाकाकडे बोट दाखवून खूण केली. शिष्य गाडीखाली शिरला. त्याने रबर उपटून काढले, पट्टीमागे बोट घातले आणि लगेच बाहेर ओढले. बोटाच्या पेरावर रक्ताची रेघ उठली होती. पत्रा थोडासा वाकला होता, पण दुमडला नव्हता. त्याचे टोक कुसळासारखे बाहेरच्या बाजूला वळलेले होते.

शेठने ते पाहिले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आधी त्याने देवाचे नाव घेतले, मग शिष्याला एक शिवी दिली आणि मग तो आपल्याच गाडीच्या चाकाला टेकून खाली बसला.

गाडी हळूहळू मागे आणली गेली. शिष्याने चाक काढले, पट्टीचे नटबोल्ट सोडले, पट्टीच बाहेर काढली. आता हातोडी फिरायला जागा झाली. मागे लोखंडाचा ठोकळा धरून त्याने कड दुमडली, ठोकली, कानशीने घासली. शेठ तिथेच उभा होता, पण आज एकदाही खाकरला नाही. रबर चढवण्याआधी शिष्याने स्वतःहून डोळे मिटले आणि तळवा फिरवला. या वेळी त्याचे सारे अंग मानेच्या शिरेसकट सैल होते.

नानांनी मान हलवली. "चढव रबर."

शेठच्या मनात मात्र एक काटा सलत होता. त्याने चहाचा पेला हातात घेतला आणि विचारले, "नाना, खरं सांगा. तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"कड राहिली हे ठावं न्हवतं. काहीतरी राहिलंय, एवढं कळलं."

"मग गाडीत बसलात कसे? आणि मलाही बसवलंत! हा आडवा आला नसता तर?"

"तर घाट लागायच्या आधी देवीचं देऊळ हाय. तिथवर रस्ता सपाट. तिथं मी लघवीला उतरलो असतो आनि गाडी म्हागं फिरवली असती." नाना मिस्कील हसले. मग त्यांचे हसू मावळले. "गाडी म्हागं आली असती शेठ. पर ह्याला मी त्याच सांजंला त्याच्या गावी धाडून दिला असता."

शिष्याच्या हातातला पाना तसाच राहिला. आपण कशाच्या काठावरून परत आलो, हे त्याला आत्ता कळले. तो नानांच्या पायांशी येऊन बसला.

"नाना, मला हात फिरवायला लावला तवा तुम्ही मडगार्डकडं बघितलंच न्हाई. रबर चढल्यावर हाताला काय कळणार हुतं?"

"काहीच न्हाई," नाना म्हणाले. "पत्रा तपासायला हात कशाला पायजे? त्याला कानस हाय, डोळं हायत. हात फिरवायला लावतो तो मानूस तपासायला. तुझा हात तिन्ही येळा सरळ गेला. पर तिन्ही येळा एकाच जागी तुझा श्वास आडला. तेवढ्यावर मला कळलं, हा काहीतरी जानतो, आनि जानतो हे त्याला ठावं न्हाई."

"मग तिथंच का न्हाई इचारलं?"

"इचारलं असतं तर तू काय म्हनला असतास? काही न्हाई नाना, जरा घाटाचं भ्या वाटतंय. आनि ते खोटं नसतं. तुझ्या पोटात दोन गोष्टींचं भ्या एकत्र कालवलं हुतं. एक दरीचं. ते तुझ्यासंगं जन्माला आलंय, त्याचा कामाशी संबंध न्हाई. दुसरं ह्या कडंचं. ते तुझ्या हातांनी तुला पाठवलेला सांगावा हुता. पर लोक हसले म्हनून तू दोन्ही एकाच घोटात गिळायला शिकलास. आता दूध-पानी येगळं कसं करायचं? म्हनून मी दरी काढून घेतली. म्हनलं, दरी गेल्यावर मागं काय उरतंय ते ह्याचं ह्यालाच दिसू दे."

 झाडावर एक खार चुकचुकत होती. नानांनी दोन्ही हातांनी पेला धरून चहाचा शेवटचा घोट घेतला.

"ज्याला भ्याच वाटत न्हाई त्याच्या हातात मी ग्राइंडर देत न्हाई," ते म्हणाले. "आनि ज्याला वाटतं पर कशाचं ते इचारायची लाज वाटते, त्याच्या गाडीत मी मानसं बसवत न्हाई. भ्या आलं की गिळू नको, पोरा. त्याला बसायला पाट दे, पानी दे, आनि इचार, बाबा, तू कुनाकडनं आलास? बहुतेक येळा ते उगंच आलेलं असतं. त्याला वाटंला लाव. पर एखाद्या येळी ते खरा निरोप घिऊन येतं, आनि दारातनंच हाकललं तर निरोप जातो वाऱ्यावर."

शिष्याने मान खाली घातली. त्याला रडू आले, पण ते लाजेचे नव्हते. मग त्याने बोटाला चिंधी गुंडाळली, उठला आणि जीपच्या डाव्या बाजूला गेला.

"आता कशाला?" शेठ म्हणाला. "नाना बसतायत ना?"

"न्हाई शेठ. कापलं मी, बसणार मी."

"आणि घाट?"

"घाटाचं भ्या वाटतंय," शिष्य म्हणाला. "लई वाटतंय."

हे तो सगळ्यांदेखत मोठ्याने बोलला. शेठला हसावे की गप्प राहावे ते कळेना. नाना खोक्यावर बसून राहिले आणि त्यांनी नुसता हात वर केला.

गाडी वर गेली. दुपारी पोती भरली गेली, पोत्यांवर बाया बसल्या आणि गाडी उतरू लागली. ऊन कलले होते. डाव्या हाताला दरी उघडली, इतकी खोल की तळाची नदी पांढऱ्या दोऱ्यासारखी दिसत होती. पहिले डावे वळण आले. शेठने स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवले, चाक धोंड्यावर चढले, पाटे कुरकुरले, टायर मडगार्डच्या आत पार वर गेले आणि दबका, मऊ, घासल्यासारखा एक आवाज आला. शेठने शिष्याकडे चमकून पाहिले. शिष्याचे दोन्ही डोळे गच्च मिटलेले होते आणि त्याने दांडा असा धरला होता की बोटे पांढरी पडली होती.

टायर रबराला टेकले आणि बाजूला झाले. गाडी पुढे निघाली.

मागे पोत्यावर बसलेली एक म्हातारी पुढे वाकली. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला तर तो थंडगार घामाने भिजला होता. तिला काळजी वाटली. मिस्त्रीच जर असा घाबरला असेल, तर गाडीत नक्कीच काहीतरी खोट असणार.

"काय रं लेकरा," तिने हळूच विचारले, "चाकात काय वाईट हाय का? खरं सांग. न्हाईतर आमी चालत उतरतो."

शिष्याने डोळे उघडले. त्याने दरीकडे पाहिले, लगेच तिच्याकडे वळून पाहिले, आणि त्या म्हातारीला दिसले की हा माणूस थरथर कापतो आहे आणि तरीही खोटे बोलत नाही.

"न्हाई आजी," तो म्हणाला. "चाकाचं भ्या न्हाई. ते मी इचारून घेतलंय. दरीचं वाटतंय."

"मंग धर माझा हात," म्हातारी म्हणाली. "मला बी वाटतं."

त्याने तिचा हात धरला. खाली उतरेपर्यंत दोघांनीही तो सोडला नाही.